आवडीचे चिमटे

"आणि हा उरला!"

फार वर्षांपूर्वीचा तो आवाज. शाळेचं मैदान, खेळासाठी दोन गट पाडणं चाललेलं. दोन्हीकडचे कप्तान एकेकाला बोटानं बोलावून घेत होते आणि मधली रांग विरत विरत शेवटी एकच पोरगा उभा राहिला होता. तेव्हा कुणीतरी तसं म्हणालं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. टोपलीच्या तळाला राहिलेल्या शेंगेकडे बघून म्हणावं, तसं तो सहज म्हणाला आणि खेळायला पळाला. पोरगा मात्र ते शब्द खिशात घालून घरी गेला.

पुढे पोरगा मोठा झाला, त्यानं लाँड्री टाकली, लग्न केलं, एका मुलीचा बाप झाला. तरी ओल्या कॉलरवर तापली इस्त्री ठेवली आणि वाफ 'हुस्स' करून वर आली, की त्या वाफेतून कधीकधी तो आवाज यायचा. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. आणि सांगणार तरी काय? की मी एकदा उरलो होतो?

म्हणूनच त्या शुक्रवारी दुपारी बालवाडीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या लाँड्रीवाल्याच्या छातीत एकदम 'हुस्स' झालं.

झालं होतं असं. बालवाडीच्या बाई कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या होत्या आणि येताना एक नवा खेळ घेऊन आल्या होत्या. प्रत्येक मुलाला कपडे वाळत घालायचा एकेक लाकडी चिमटा द्यायचा. ज्याला जो आवडतो, त्याच्या कपड्याला त्यानं तो लावायचा. खेळाचं नाव 'आवडीचा चिमटा', आणि तो पुढच्या आठवड्यातही चालणार होता. फाटकाशी जमलेल्या पालकांना बाईंनी हे हसत हसत सांगितलं आणि मग पोरं बाहेर सोडली.

पहिली आली डॉक्टरीणबाईंची मुलगी. अंगभर चिमटे, जणू साळिंदरच चालत आलं. तिच्या मागून एकाच्या बाहीला दोन, दुसऱ्याच्या खिशाला एक, कुणाच्या वेणीला एक. सायकलवाल्याच्या मुलाच्याही कॉलरला एक होता. हा मुलगा काडीसारखा बारीक, नाक बारमाही वाहतं. पण त्या एका चिमट्याच्या जोरावर तो असा छाती काढून आला, की वाटावं लढाई जिंकूनच आलाय. त्याचा बाप, झुपकेदार मिशांचा सायकलवाला, फाटकाला टेकून उभा होता. तो मिशांतल्या मिशांत हसला.

सगळ्यात शेवटी आली भिंगरी. लाँड्रीवाल्याची मुलगी. अंगावर एकही चिमटा नाही. पुढून नाही, मागून नाही. बापानं तिला उचलून घेण्याच्या मिषानं गोल फिरवून पाहिलं.

"तुला चिमटा नाही लावला कुणी?" सायकलच्या दांड्यावर तिला बसवता बसवता त्यानं आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं.

"मला नाहीये चिमटा," भिंगरी म्हणाली. "मी चांगली आहे."

"चांगली आहेसच गं! पण..."

"मी सगळ्यात चांगली आहे. मला एकपण नको."

लाँड्रीवाला मनाशी म्हणाला, एवढंसं पोर, आणि बापाला वाईट वाटू नये म्हणून कसं हसून बोलतंय! मागचं चाक रोजच्यासारखं बसलं होतं, म्हणून तो सायकल ढकलतच घरी निघाला. भिंगरी वाटभर बोलत होती. ती सगळ्यात उंच आहे, ती हत्ती उचलू शकते, आणि सायकलवाल्याचा मुलगा सगळ्यात जोरात पळतो, फक्त पोचतो उशिरा.

लाँड्री म्हणजे एक लांबट खोली. पुढे गल्ला आणि इस्त्रीचं टेबल, मागे धुण्याचा हौद, वर दोऱ्या. इथला कारभार बायकोच्या हातात आणि इथला नियम एकच: धुऊन आलेल्या कपड्यावर कुठं डाग राहिला असेल, तर त्या जागी चिमटा लावायचा, म्हणजे तो कपडा परत हौदात. हे काम भिंगरीचं. तिची नजर घारीची. टेबलाखाली बसून ती एकेक कपडा उलटापालटा करायची आणि स्वतःचंच गाणं म्हणायची:

*"डागा रे डागा, लपलास कुठं?*
*बाहीच्या घडीत, खिशाच्या पुढं!*
*सापडलास मला, आता कुठं जाशी?*
*चिमटा कानाला, अंघोळ तुला खाशी!"*

'अंघोळ तुला खाशी' ऐकून आई रोज हसायची. त्या दिवशी बाप हसला नाही.

"अगं, तिला कुणी चिमटा लावला नाही," तो बायकोजवळ जाऊन कुजबुजला.

"कसला चिमटा?"

त्यानं सगळं सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं आणि चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "धरा. अहो, चार वर्षांची आहे ती. निवडणुकीला उभी नाहीये."

"एकही नाही, असं कसं? अख्ख्या वर्गात एकाला म्हणून आवडू नये?"

"आज नाही आवडली, उद्या आवडेल. परवा भांडतील. पोरांचं तसंच असतं. ताणा, ताणा, सुरकुती पडतेय." चादरीची घडी करत करत बायको त्याच्याजवळ आली, आणि डोळ्यात बघून म्हणाली, "पोरीचे मित्र मोजताय. तुमचे किती, सांगा बरं?"

"माझा काय संबंध?"

"काही नाही. सहज विचारलं."

शनिवार-रविवार त्यानं भिंगरीला निरखण्यात घालवला. ती आरशापुढे उभी राहून "कित्ती छान!" म्हणाली, तर त्याला भरून आलं. ती एकटीच बादलीशी गप्पा मारत बसली, तर त्याला आणखी भरून आलं. "तुला बालवाडीत करमतं ना गं?" असं त्यानं इतक्यांदा विचारलं, की शेवटी भिंगरीनंच त्याच्या गालावर हात ठेवून विचारलं, "बाबा, तुला करमत नाही का?"

सोमवारी सकाळी त्यानं ठरवून टाकलं. दुकानातले त्यातल्या त्यात नवे, गुळगुळीत चिमटे निवडले आणि सदऱ्याला पुसून खिशात टाकले. फ्रॉकची फीत मागे बांधताना भिंगरीला म्हणाला, "हलू नकोस हं," आणि फितीच्या खाली, तिला दिसणार नाहीत असे, ते चिमटे हळूच लावून दिले. हिशोब साधा होता. मुलं बघतील, हिला कुणीतरी लावलेत. मग आपोआप आणखी लावतील. लोक गर्दीच्याच दुकानात शिरतात, हे त्याला धंद्यानं शिकवलेलं होतं.

तिला सोडून, सायकलवाल्याच्या दुकानात रोजच्यासारखी चाकात हवा भरून घेऊन तो लाँड्रीत आला, इस्त्री तापवली, आणि कितीतरी दिवसांनी शीळ घातली.

मधल्या सुट्टीच्या सुमाराला फोन वाजला. मागून प्रचंड कालवा ऐकू येत होता आणि बाईंचा आवाज हौदाच्या तळातून आल्यासारखा येत होता.

"तुम्हीच ना ते लाँड्रीवाले? लगेच या. आणि कोरडे कपडे घेऊन या."

"भिंगरीचे?"

"सगळ्यांचे!"

"सगळ्यांचे म्हणजे किती, बाई?"

"असतील नसतील तेवढे!" फोन बंद.

लाँड्रीवाल्यानं फळीवरच्या इस्त्री केलेल्या कपड्यांचा अख्खा थर उचलून चादरीत बांधला.

"अहो, ते गिऱ्हाइकांचे आहेत!" बायको धावली.

"पोरं तरी कुणाची आहेत? गिऱ्हाइकांचीच ना!" म्हणत त्यानं गठ्ठा सायकलला बांधला आणि पायडल मारलं.

बालवाडीच्या मागच्या अंगणात पाहावं तर धुण्याचा दिवस उजाडलेला! नळ धो धो सुरू. अख्खा वर्ग नखशिखान्त ओला. हात धुवायच्या साबणाचा फेस कुणाच्या केसांत, कुणाच्या कानात. मधोमध भिंगरी, फ्रॉकचा ओचा खोचून, डॉक्टरीणबाईंच्या मुलीला पाठीवर घासत होती. मुलगी विव्हळत म्हणत होती, "माझे सगळ्यात जास्त डाग!" आणि थोड्या वेळानं नीट विचार करून, रांगेतल्या पोरांकडे वळून, मान ताठ करून म्हणाली, "माझे सगळ्यात जास्त डाग!"

बाई कोपरापर्यंत फेसात होत्या. "कुणीतरी हिच्या पाठीला चिमटे लावले. हिला कळायला उशीर झाला, पण कळलं तशी किंचाळली आणि फ्रॉकसकट नळाखाली जाऊन बसली. मी धावले, तोवर हिनं सगळ्यांना सांगून टाकलं की चिमटा म्हणजे डाग!"

"मग?"

"मग काय, सगळ्यांनी आपापल्या अंगाकडे बघितलं."

भिंगरीनं बापाला पाहिलं आणि धावत येऊन पायाला मिठी मारली. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. "बाबा, मला डाग पडला होता! पाठीला! मला दिसेना, म्हणून मी सगळीच धुतली. गेला का? बघ ना!"

लाँड्रीवाल्यानं पाठ बघितली. "गेला," तो म्हणाला.

मग धांदल उडाली. ओले कपडे उतरवायचे, पोरं पुसायची, गठ्ठ्यातला एकेक कपडा ज्याला त्याला चढवायचा. बाईंनी कुणाकुणाला फोन केले होते, त्यामुळे एकेक पालकही येऊ लागले. कुणाचा सदरा कुणाच्या पोराच्या पायात लोळत होता. डॉक्टरीणबाईंची मुलगी एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टात न्यायाधीशासारखी बसली होती. सायकलवाला आला, त्यानं फाटकातून आत बघितलं आणि तिथंच थबकला.

"तो माझा शर्ट," तो म्हणाला.

त्याचा एकुलता एक चांगला शर्ट भिंगरीच्या अंगावर होता आणि त्याच्या बाह्या जमिनीला पोछा लावत होत्या.

"परत धुऊन देतो," लाँड्रीवाला खालमानेनं म्हणाला.

"धुवा हो. पण माझ्यापेक्षा तिलाच जास्त शोभतोय."

सायकलवाल्याचं एवढं लांब वाक्य लाँड्रीवाल्यानं आज पहिल्यांदाच ऐकलं. थट्टा होती की राग, मिशांमुळे कळायला मार्ग नव्हता.

पोरं कोरडी झाल्यावर बाईंनी सगळ्यांना गोल बसवलं. "आता मला सांगा. भिंगरीच्या पाठीला चिमटे कुणी लावले? मी रागावणार नाही."

नळाचा शेवटचा थेंब टपकला, तोही ऐकू आला. लाँड्रीवाल्यानं दोरीवरचा एक ओला मोजा विनाकारण पुन्हा पिळला.

"मी!" सायकलवाल्याच्या मुलाचा हात वर गेला. नाक वाहत होतं आणि चेहरा दिव्यासारखा उजळला होता. "मीच लावले. सगळे मीच!"

"तू?" बाप पुढे आला. मिशा एकदम खाली आल्या. "अरे, कशाला त्रास दिलास त्या पोरीला? बघ बरं काय झालं!"

मुलाला हे कळेना. शुक्रवारी चिमटा चांगला होता. आज कसा काय वाईट झाला? त्यानं हात तसाच वर धरून ठेवला.

"हा असं का करतो?" भिंगरीचे ओठ थरथरले. "मी त्याच्याजवळ नाही बसणार. कधीच!"

आणि तिच्या शेजारची एक मुलगी सरकली. मग दुसरा सरकला. पोरांचं सरकणं कसं असतं, एक सरकलं की सगळी सरकतात. बघता बघता गोल वाकडा झाला आणि ओल्या फरशीच्या मधोमध, कुणाच्या तरी झब्ब्यात बुडालेला तो काडीसारखा पोरगा एकटा राहिला. हात खाली आला. त्यानं बापाकडे बघितलं, मग भिंगरीकडे, मग स्वतःच्या पायांकडे.

लाँड्रीवाल्याच्या हातातून मोजा खाली पडला.

"चिमटे मी लावले," तो म्हणाला.

"काय?" बाई वळल्या.

"मी लावले. सकाळी, फीत बांधताना. माझ्या दुकानातले आहेत." त्याचे कान तापल्या इस्त्रीसारखे लाल झाले. "शुक्रवारी हिला एकही नव्हता. मला वाटलं... हिला कुणी मित्र नाही."

पालकांतून एक हुंकार गेला. बाईंनी कपाळाला हात लावला, तर कपाळही साबणाचं झालं. "एकही नव्हता? अहो, शुक्रवारी सगळ्यात जास्त चिमटे हिलाच होते! लावले की ही काढायची आणि ज्याचा त्याला परत द्यायची. 'मी चांगली आहे' म्हणायची. मला वाटलं, केवढी नम्र मुलगी! तिचे परत केलेलेच मग तिकडे गेले," असं म्हणून त्यांनी वकिलांच्या शर्टातल्या न्यायाधीशाकडे बोट दाखवलं.

"नाही!" फरशीच्या मधोमधून चिडलेला आवाज आला. "काकांनी नाही लावले! मीच लावले!"

आता हसू कुणालाच आवरेना. बाईसुद्धा हसल्या. फक्त सायकलवाला हसला नाही. तो काहीतरी मनाशी जुळवत होता.

"थांबा," तो हळूच म्हणाला. "तुमच्याकडे चिमटा म्हणजे डाग."

"हो."

"मग शुक्रवारी माझ्या पोराला जो लागला होता, तो तुमच्या मुलीनं लावला होता. तो घरी मला सांगत होता. दोन दिवस कॉलरवरून काढू दिला नाही त्यानं." त्यानं पोराकडे बघितलं. "तो कशाचा?"

लाँड्रीवाल्याला उत्तर माहीत होतं. ते समोर वाहत होतं. त्यानं तोंड उघडलं, एखादं बरंसं खोटं शोधू लागला, पण भिंगरीनं त्याची वाट बघितली नाही.

"त्याच्या नाकाचा," ती म्हणाली. "नाक सारखं येतं. मी पुसते, परत येतं. मी रोज पुसते."

सायकलवाल्यानं मान खाली घातली. लाँड्रीवाल्याला वाटलं, ही फरशी दुभंगावी आणि आपण गठ्ठ्यासकट आत जावं.

"म्हणून चिमटा लावला," भिंगरी पुढे म्हणाली. "चिमटावाला कपडा आपण कुणाला देतो का, बाबा?"

"नाही."

"तो आपल्याकडेच राहतो ना?"

"हो," लाँड्रीवाला म्हणाला. "आपल्याकडेच राहतो."

"मग!" एवढी साधी गोष्ट मोठ्या माणसांना फोड करून सांगावी लागते, याचा तिला वैताग आला होता. सायकलवाल्याच्या शर्टाची बाही फरफटवत ती फरशीच्या मध्यावर गेली आणि त्याच बाहीनं मुलाचं नाक पुसून टाकलं.

"माझा शर्ट," सायकलवाला पुटपुटला. पण त्यानं डोळे दुसरीकडे वळवले.

पालक आपापली पोरं घेऊन गेले. वकिलांचा शर्ट उद्या परत येईल असं ठरलं. भिंगरी आणि सायकलवाल्याचा मुलगा मात्र जायला तयार होईनात. वाळत घातलेल्या कपड्यांखाली त्यांची लपाछपी चालली होती. दोघंही एकाच चादरीमागे लपत आणि शोधायला कुणीच राहत नसे, तरी खेळ रंगला होता. मग दोघे बाप फाटकाशी उभे राहिले. एकानं आकाशाकडे बघितलं, दुसऱ्यानं रस्त्याकडे. ऊन चांगलं होतं, असं दोघांनाही वाटलं, पण बोललं कुणी नाही.

शेवटी लाँड्रीवाला सायकलकडे वळला. मागचं चाक दाबून बघितलं आणि सुस्कारा सोडला.

"बघा, परत बसलं. सकाळी तुमच्याकडूनच तर हवा भरून घेतली होती. ही ट्यूबच बदलावी म्हणतो. रोज सकाळी तुमच्या दुकानात येऊन मी तरी किती त्रास द्यायचा?"

सायकलवाला खाकरला. मिशीचं एक टोक पिळलं, मग दुसरं.

"ट्यूब चांगली आहे," तो म्हणाला.

"मग हवा का जाते?"

"जात नाही."

"म्हणजे?"

झुपकेदार मिशांचा तो भला दांडगा माणूस रस्त्यावरच्या दगडाला पायानं ढकलत राहिला. चादरीमागून पोरांच्या खिदळण्याचा आवाज आला. त्यानं एकदा तिकडे बघितलं आणि मग एका दमात बोलून टाकलं.

"मी सोडतो. तुम्ही पोरीला घ्यायला पुढे झालात, की मी सोडतो. नाहीतर तुम्ही कशाला याल माझ्याकडे?"